जोगता, वारे आणि उपचार : सातारा-सांगली परिसरातील एका प्रश्नाचा इतिहास

‘उपचार’ हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो. देवपूजेतील सोळा उपचार हा एक अर्थ. वैद्य रोग्यावर करतो ते उपचार हा दुसरा. आणि केवळ रीत म्हणून पाळला जाणारा उपचार, ज्यावरून ‘औपचारिक’ हे विशेषण सिद्ध झाले, हा तिसरा. मुळातील ‘उप’ आणि ‘चर्’ यांचा संयोग जवळ जाणे, सेवेत असणे एवढेच सांगतो. कोणी कोणाच्या जवळ जावयाचे आणि कोणत्या अटीवर, हे शब्द सांगत नाही. ते इतिहासात पाहावे लागते.

गेल्या काही वर्षांत जागतिक मानसचिकित्सेत सायकेडेलिक म्हटल्या जाणाऱ्या द्रव्यांची पुन्हा परीक्षा सुरू झाली आहे. त्या परीक्षेबरोबर एक उपप्रश्नही उभा राहिला : समलिंगी, उभयलिंगाकर्षी आणि पारलिंगी व्यक्तींना या उपचारांत स्थान आहे काय, आणि असल्यास ते कोणते? प्रश्न पाश्चात्त्य विद्यापीठांतून आला म्हणून तो येथे परकाच आहे, असे मानण्याचे कारण नाही. चित्ताची अवस्था पालटून दुःखाचा परिहार करण्याची रीत आणि त्या रीतीत स्त्री-पुरुषांच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या माणसाचे स्थान, या दोन्ही गोष्टी कृष्णाकाठच्या प्रदेशाला फार पूर्वीपासून परिचित आहेत. त्या ज्या नावाने परिचित आहेत ते नाव ‘जोगता’ हे होय.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी या विषयापुरता तो एकच प्रदेश समजणे योग्य ठरते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा काढण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शासकीय सीमा अशा बदलत राहिल्या, पण यात्रांचे मार्ग बदलले नाहीत. मार्गशीर्षात जतला यल्लमादेवीची यात्रा भरते. तेथून पुढची वाट बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगराकडे जाते. सौंदत्ती १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती, नंतर म्हैसूर राज्यात गेली. देवीच्या भक्तांना भाषावार प्रांतरचनेचे सोयरसुतक नव्हते. मराठी गाणे आणि कानडी गाणे एकाच चौंडक्यावर चालत राहिले.

‘जोगता’ हा शब्द ‘योग’ या शब्दाच्या तद्भव परिवारातला. जोगी, जोगीण, जोगतीण, जोगवा ही त्याची भावंडे. कानडीत याच परिवाराला ‘अप्पा’ आणि ‘अम्मा’ हे आदरार्थी प्रत्यय लागून जोगप्पा आणि जोगम्मा अशी रूपे झाली. जोगवा म्हणजे देवीच्या नावाने मागितलेले कोरान्न. एकनाथांनी त्याचे अध्यात्मरूपक केले आणि तो शब्द मध्यमवर्गीय घरांतून नवरात्रापुरता सुप्रतिष्ठित झाला. जोगता मात्र सुप्रतिष्ठित झाला नाही. लुगडे नेसलेला, कपाळी भंडारा ल्यालेला, गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ घातलेला, डोईवर देवीचा जग आणि हाती परडी घेऊन मंगळवार-शुक्रवारी दारी येणारा हा भक्त. ओट्यावरून त्याला धान्य वाढले जाई, त्याच्या पाया पडले जाई, आणि त्याची पाठ वळताच त्याची थट्टाही होई.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. प्रत्येक जोगता पारलिंगी वा समलिंगी होता, असे समजणे चुकीचे ठरेल. डोक्यात जट आली, नवस फळला, त्वचेचा विकार हटेना, अशा कारणांसाठी मुलगे देवीला वाहिले जात. निकोलस ब्रॅडफर्ड यांनी १९८३ साली यल्लम्मापंथातील लिंगपालटावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात रोग, उष्णता आणि कामभावना यांची देवीच्या प्रकोपाशी घातली जाणारी सांगड दाखविली आहे. पुरुषत्वाचा अभाव, स्त्रीवेषाची ओढ, अंगावर उठलेले चट्टे आणि केसांचा गुंता ही सर्व एकाच जातीची चिन्हे मानली जात. देवीने धरले, हे त्या सर्वांचे निदान. देवीला वाहणे हा सर्वांवरचा उपचार. लोककथेने याला आधारही पुरविला होता. रेणुकेचा वध करण्याची जमदग्नीची आज्ञा ज्या पुत्रांनी मोडली, त्यांना षंढत्वाचा शाप मिळाला आणि जोगप्पे हे त्या पुत्रांचे वारस होत, असे या परंपरेत सांगितले जाते. आईवर शस्त्र उचलण्यास नकार दिल्याबद्दल मिळालेला हा शाप आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. आपल्या वेगळेपणाला एवढा अभिमानास्पद उगम फार थोड्या समूहांनी दिला असेल.

या उपचाराचा गाभा म्हणजे ‘अंगात येणे’. या प्रयोगाचे व्याकरण पाहिल्यास त्याच्या सामाजिक कार्यावर बराच प्रकाश पडतो. ‘त्याच्या अंगात आले’ या वाक्यात कर्ता उच्चारलेला नाही. ज्याच्या बाबतीत घटना घडते तो षष्ठीत, त्याचे शरीर अधिकरण. आणि जे आले ते अनुक्त, नपुंसकलिंगी एकवचनी. ‘वारे आले’ असे म्हटले तरी कर्तेपद वाऱ्याकडे जाते, माणसाकडे येत नाही. राग, झोप, ताप, रडू या गोष्टीही मराठी माणसाला ‘येतात’, तो त्या करीत नाही. ज्या क्षणी कर्तेपद माणसाकडे जाते त्या क्षणी भाषा बदलते : ‘तो अंगात आणतो’ हे वाक्य ढोंगाचा आरोप ठरते. एका क्रियापदाच्या प्रयोजक रूपाने श्रद्धेचे आणि लबाडीचे क्षेत्र वेगळे होते.

कर्तेपद सोडून देण्याच्या बदल्यात काय मिळे, हे फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात नोंदविले आहे. आषाढात महारवाड्यातील स्त्रियांच्या अंगात येई. एरवी सासूच्या आणि नवऱ्याच्या हाताखाली भरडल्या जाणाऱ्या बाईपुढे त्या वेळी घर हात जोडून उभे राही. कांबळे यांची दृष्टी आंबेडकरी आहे. अज्ञानाचा हा खेळ त्यांना मान्य नाही, पण त्या खेळातील क्षणभराच्या प्रतिष्ठेकडे त्यांनी डोळेझाक केलेली नाही. वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या पौषी यात्रेतही हाच अनुभव शेकडो शरीरांतून व्यक्त होताना दिसे. २५ जानेवारी २००५ रोजी त्या डोंगरावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले, तेव्हा वृत्तपत्रांतून या अंगात येण्यावर पुष्कळ लिहिले गेले. इतकी माणसे, विशेषतः इतक्या स्त्रिया, तेथे कशासाठी जातात, या प्रश्नाला मात्र त्या लिखाणात फारसे स्थान मिळाले नाही.

जोगत्याच्या बाबतीत ही प्रतिष्ठा क्षणिक नव्हती. देवीचा स्वीकार एकदा झाला की स्त्रीवेष, स्त्रीनाम आणि समवृत्ती माणसांचा सहवास ही जन्मभराची मालमत्ता होई. कोणतेही मादक द्रव्य न घेता, उपवास, जागरण, चौंडक्याचा सतत वाढता ठेका आणि भंडाऱ्याचा उधळलेला पिवळा धुरळा यांच्या साहाय्याने चित्त पालटे, आणि त्या पालटलेल्या अवस्थेत देवी जे बोले त्याला गाव मान देई. मुलाला मारून सरळ करू पाहणारा बापही त्यापुढे नमे. आधुनिक परिभाषेत याला समावेश म्हणता येईल. पण त्याची किंमत डोळ्याआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जोगवा मागून जगणे, विवाह आणि वारसा यांना पारखे होणे, आणि जी कामभावना या सर्वांच्या मुळाशी होती तिचे नाव कधीच न घेणे, ही ती किंमत. देवीने धरले असे म्हणता येत होते. मला असे हवे आहे, असे म्हणण्याची सोय नव्हती.

याची दुसरी बाजू राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी आणि त्यांच्या आधाराने निघालेल्या ‘जोगवा’ या २००९ सालच्या चित्रपटाने मराठी वाचक-प्रेक्षकांपुढे आणली. चित्रपटातील तायप्पाला लुगड्याची ओढ नाही. त्याला ते नेसविले जाते. सुलीच्या केसांत जट निघते म्हणून तिला देवीला सोडले जाते. ज्या रीतीने एका मुलाला आसरा मिळे त्याच रीतीने दुसऱ्याचे आयुष्य हिरावले जाई, आणि दोन्ही प्रसंगी पंचांची पद्धत एकच असे : चिन्ह पाहावे, निदान करावे, वाहून टाकावे. मुलाला विचारावयाचे असते, हे त्या पद्धतीत बसत नव्हते. या एका उणिवेपुरती देवीच्या दरबाराची तुलना पुढे येणाऱ्या दुसऱ्या एका दरबाराशी करता येते.

तो दरबार युरोप-अमेरिकेतील मनोरुग्णालयांचा. आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये एल.एस.डी. हे द्रव्य तयार केले आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याचा चित्तावरील परिणाम स्वतः अनुभवला. इंग्लंडमध्ये रॉनल्ड सँडिसन यांनी १९५२ पासून पॉविक येथील रुग्णालयात मानसोपचारासाठी त्याचा उपयोग सुरू केला. १९५६ साली हंफ्री ऑझमंड या मनोवैद्याने ऑल्डस हक्स्लेशी झालेल्या पत्रव्यवहारात ‘सायकेडेलिक’ हा शब्द घडविला. त्याचा धात्वर्थ मन प्रकट करणारे असा. मराठीत या द्रव्यांना ‘भ्रमकारक’ म्हणण्याची रीत पडली. परिभाषा म्हणून ती दोषास्पद आहे, कारण एका शब्दात आगाऊ निकाल दिला जातो. पण ऑझमंडचा शब्दही तितकाच निकाल देतो, एवढेच की तो उलट बाजूचा असतो. जे प्रकट होते ते मनात आधीपासून होते की त्या खोलीतील वैद्याच्या अपेक्षेतून उपजले, हा प्रश्न दोन्ही शब्द टाळतात.

समलिंगी रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न टाळणे फार महागात पडले. त्या काळी इंग्लंडमध्ये पुरुषांचे समलिंगी संबंध हा गुन्हा होता आणि अमेरिकन मानसवैद्यांच्या रोगसूचीत समलिंगी आकर्षण हा विकार होता. तेव्हा नव्या औषधाने हा ‘विकार’ बरा होतो का, हे पाहणे वैद्यांना स्वाभाविक वाटले. लंडनच्या जॉइस मार्टिन यांनी १९६२ साली बारा समलिंगी पुरुषांवरील एल.एस.डी.च्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये टिमथी लिअरी यांनी एका लोकप्रिय अमेरिकन मासिकाला दिलेल्या मुलाखतीत एल.एस.डी. हे समलैंगिकतेवरचे खास औषध असल्याचा दावा केला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ कवी ॲलन गिन्सबर्ग यांचे नाव घेतले. गिन्सबर्ग यांचे पुढील सारे आयुष्य या दाव्याच्या विरुद्ध साक्ष देते. लिअरींचे हार्वर्डमधील सहकारी रिचर्ड आल्पर्ट यांनी १९६९ मध्ये एका उभयलिंगाकर्षी पुरुषाला स्त्रीकडे वळविण्याच्या अशाच प्रयत्नाची हकीकत लिहिली. हे आल्पर्ट म्हणजेच १९६७ मध्ये भारतात येऊन नीम करोली बाबांचे शिष्य झालेले आणि रामदास या नावाने ख्याती पावलेले गृहस्थ होत. त्यांना स्वतःला पुरुषांविषयी आकर्षण होते, हे त्यांनी उतारवयात उघडपणे सांगितले. स्वतःच्या ओढीला रोग मानणारा माणूसच दुसऱ्याचा वैद्य होऊन बसला होता. या उपचारांच्या इतिहासात याहून खिन्न करणारा प्रसंग क्वचितच सापडेल.

या वृत्तांतांचे वैशिष्ट्य असे की समलिंगी माणसाला त्यांतून वगळलेले नाही. उलट त्याला आग्रहाने आत घेतलेले आहे. समावेश हा शब्द नुसता वापरला तर मार्टिन यांचे बारा रुग्णही समाविष्टच ठरतील. पालटलेल्या चित्तावस्थेत माणूस अतिशय सूचनाक्षम होतो. त्याची मनोभूमिका आणि भोवतालचा परिसर यांवर अनुभवाचा अर्थ ठरतो, हे तत्त्व लिअरी यांनीच लोकप्रिय केले होते. मग ज्या खोलीत प्रवेश करतानाच आपल्या प्रेमाला विकार म्हटले गेले, त्या खोलीत त्या माणसाच्या मनातून काय प्रकट व्हावे? सौंदत्तीच्या डोंगरावर त्याच ओढीतून देवी प्रकट होई, पॉविकच्या काळातील रुग्णालयांत अपराध प्रकट होई. द्रव्य आणि ठेका ही साधने होती. निकाल नामकरणाने लागत असे. एल.एस.डी.वर बंदी आल्यानंतर स्टानिस्लाव ग्रोफ यांनी १९७० नंतरच्या दशकात केवळ श्वसन आणि तालबद्ध संगीत यांच्या साहाय्याने तशीच अवस्था निर्माण करण्याची पद्धत बसविली, हे पाहिले म्हणजे चौंडके आणि रासायनिक द्रव्य यांमधील अंतर वाटते तितके मोठे नाही, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रातील वैद्यक आणि सुधारणा यांचा प्रवाह या दोहोंच्या मध्ये वाहत होता. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. समलिंगी संबंधांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी भीती न घालता उत्तरे दिली. त्याबद्दल १९३४ मध्ये झालेल्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. खटला हरला, पण लैंगिक विषयावरील प्रश्न हा ज्ञानाचा प्रश्न आहे, ही बाजू न्यायालयात मांडली गेली. कर्व्यांचा वारसा मानसचिकित्सेने उचलला असे दिसत नाही. मुंबईतील वैद्यांनी समलैंगिकतेवर वर्तनोपचार केल्याचे निबंध भारतीय मानसचिकित्सेच्या नियतकालिकात १९८२ सालीही छापले जात होते. अमेरिकन मानसवैद्यक संघटनेने तो विकार यादीतून काढला १९७३ मध्ये.

या प्रदेशात वैद्यकाची परंपरा दुबळी नव्हती. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रोगी तेथे येत राहिले. त्याच मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नरेंद्र दाभोलकर शिकले. पुढे साताऱ्यात त्यांनी ‘परिवर्तन’ या संस्थेतून व्यसनमुक्तीचे काम उभे केले आणि १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्याला वाहून घेतले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. समितीच्या प्रबोधनात अंगात येण्याची फोड साधारणतः तीन प्रकारे केली जाते : ढोंग, स्वसंमोहन आणि मनोविकार. जट म्हणजे केसांचा साचलेला गुंता, ती कापता येते, हे कार्यकर्त्यांनी कात्री हाती घेऊन दाखविले. सुलीसारख्या मुलींसाठी ही कात्री म्हणजे अक्षरशः मुक्ती होती, याविषयी दुमत होऊ नये. तथापि जो मुलगा जटेचा आधार घेऊन घराच्या मारापासून सुटला होता, त्याची जट कापल्यावर त्याने कोठे जावे, हा प्रश्न या चळवळीच्या विषयपत्रिकेवर फार उशिरापर्यंत नव्हता. चळवळीचा उद्देश शुद्ध होता. तिच्या शब्दकोशात जोगता हा केवळ बळी होता. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर संमत झालेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने मात्र या बाबतीत विवेक दाखविला. अंगात आल्याचे भासवून लोकांत भीती निर्माण करणे वा धमकावणे हा त्याने गुन्हा मानला, निव्वळ अंगात येणे हा नव्हे.

कायद्याच्या शब्दांतील आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा, महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा. दोन्ही कायद्यांची दृष्टी देवाला वाहिलेल्या स्त्रीवर आहे. जोगतीण त्यांच्या कक्षेत येते. तिच्याच शेजारी, तीच माळ घालून, तोच जग घेऊन चालणारा जोगता येत नाही. त्याला वाहणे निषिद्ध ठरले नाही आणि त्याच्या पुनर्वसनाची तरतूदही झाली नाही.

सांगलीत १९९२ साली संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजेच ‘संग्राम’, हिने एच.आय.व्ही.च्या प्रतिबंधासाठी वेश्यावस्त्यांत काम सुरू केले, तेव्हा या माणसांशी तिची गाठ पडणे अपरिहार्य होते. या स्त्रियांतील पुष्कळजणी यल्लम्माला वाहिलेल्या होत्या. मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्धाराची भाषा हळूहळू टाकून दिली. वस्तीतील स्त्रियांनीच निरोध वाटावेत, त्यांनीच आजाऱ्यांना रुग्णालयात न्यावे, असा क्रम सुरू झाला आणि त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. धंदा करणाऱ्या पुरुषांची आणि पारलिंगी व्यक्तींची ‘मुस्कान’ ही संघटना याच परिवारातील. २००५ मध्ये अमेरिकन शासनाच्या मदतीसाठी वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेवर सही करण्याची अट आली, तेव्हा ‘संग्राम’ने ती मदत सोडून दिली. सायकेडेलिक उपचारांशी या घटनेचा प्रत्यक्ष संबंध नाही. पण ज्याला मदत करावयाची त्याने आधी स्वतःला दोषी म्हणावे, ही अट मार्टिन यांच्या रुग्णांवर होती तीच आहे, आणि सांगलीने ती नाकारली, म्हणून तिची नोंद येथे आवश्यक वाटते. ‘रुग्णावर उपचार केले’ या वाक्यात रुग्ण सप्तमीसदृश रूपात, क्रियेचे अधिष्ठान म्हणून पडून असतो. अंगात येणाऱ्याच्या शरीराप्रमाणेच. परिषदेच्या व्यवहारात तो प्रथमच प्रथमा विभक्तीत आला.

पुढील दशकात न्यायालयांनीही ही विभक्ती स्वीकारली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपले लिंग आपण ठरविण्याचा अधिकार मान्य केला. त्या निकालपत्रात जोगता आणि जोगप्पा यांचा नावानिशी उल्लेख आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजाच्या प्रचलित नैतिक मूल्यांशी न जुळणे हे मनोविकाराच्या निदानाचे कारण होऊ शकत नाही असे ठरविले आणि लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना प्रतिबंध करण्याचे निर्देश दिले, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरावणी यांच्या जोडीला ‘जोगता’ हा शब्द घातला गेला. कोरान्न मागणाऱ्याचे मराठी नाव अशा रीतीने संसदेच्या इंग्रजी कायद्यात जसेच्या तसे गेले. त्याच कायद्याने ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविल्यामुळे चिन्ह पाहून निकाल देणारे पंच पुन्हा निराळ्या वेषात आले, अशी टीका झाली. ती निराधार म्हणता येणार नाही.

सायकेडेलिक द्रव्यांचे दुसरे पर्व या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर ही द्रव्ये व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये एम.डी.एम.ए.च्या आणि २०१८ मध्ये सायलोसायबिनच्या संशोधनाला विशेष गती देणारा दर्जा दिला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मानसवैद्यांना दोन्ही द्रव्ये वापरण्याची अनुज्ञा दिली. तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन प्रशासनाने एम.डी.एम.ए.ला मान्यता नाकारली. भारतात भूल देण्यासाठी जुन्या काळापासून वापरले जाणारे केटामिन हे या जातीचे जवळचे द्रव्य, आणि नैराश्यावर त्याचा उपयोग येथील मानसवैद्यही करू लागले आहेत. तेव्हा हा विषय मिरजेच्या वा साताऱ्याच्या रुग्णालयापासून दूर आहे, असे आता म्हणता येत नाही.

नव्या पर्वातील संशोधक साठच्या दशकातील चुकांविषयी अनभिज्ञ नाहीत. २०१९ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे चाक्रुना या संस्थेने याच विषयावर परिषद भरविली, आणि समलिंगी व पारलिंगी संशोधकांनी जुन्या वृत्तांतांची जाहीर चिकित्सा केली. चिकित्सेचा एक मुद्दा वरवर क्षुल्लक वाटेल. एम.डी.एम.ए.च्या उपचारांत रुग्णाजवळ एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन चिकित्सक बसविण्याचा प्रघात होता; पित्याचे आणि मातेचे रूप त्यांत रुग्णाला दिसावे, असा हेतू. ज्याला पित्याने घराबाहेर काढले त्या पारलिंगी माणसाला या जोडीत काय दिसेल, असे विचारले गेले. जतच्या यात्रेतील जोगत्याला गुरूच्या ठिकाणी दुसरा जोगता भेटत असे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्या परंपरेतील पुष्कळ गोष्टी टाकाऊ होत्या. पण ज्याने ती वाट स्वतः चालली आहे त्याने सोबत बसावे, ही गोष्ट टाकाऊ नव्हती.

आता रोगसूचीकडे वळावयास हरकत नाही, कारण प्रश्न आज तेथे येऊन थांबला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली अकरावी सूची या प्रदेशातील जोगत्याला दोन ठिकाणी भेटते. लिंगभावाची विसंगती तिने मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. अंगात येणे मात्र मनोविकारांच्या प्रकरणातच राहिले. फक्त एक अपवाद जोडलेला आहे. समूहाच्या सांस्कृतिक वा धार्मिक आचाराचा स्वीकृत भाग असेल तर त्याला विकार समजू नये, असा तो अपवाद. म्हणजे तीस वर्षांचा एखादा जोगता निद्रानाशाची तक्रार घेऊन मानसवैद्यापुढे बसला, आणि आठवड्यातून दोनदा अंगात येते असे म्हणाला, तर त्याचे स्त्रीत्व आता विकार नाही. त्याचे वारे विकार आहे की नाही, हे मात्र त्याचा समूह ते स्वीकारतो का यावर अवलंबून राहील. हा समूह म्हणजे जतच्या यात्रेतील जोगत्यांचा मेळा, की त्याचे गाव, की त्याला घराबाहेर काढणारे त्याचे कुटुंब? सूचीने याचे उत्तर वैद्यावर सोपविले आहे. प्रश्नपत्रिकेत ‘अंगात येते का?’ या प्रश्नापुढे होय आणि नाही अशा दोनच चौकटी असतात, आणि कोण येते, केव्हापासून, आणि ते आल्यावर कोण पाया पडते, हे लिहिण्यास तेथे जागा सोडलेली नसते.